एकटी जाणार? मग दिग्व्रताचं काय?



मुलगा परदेशी निघाला की आपल्याकडे लाडू वळायला घेतात. मुलगी निघाली की आधी बैठक बसते. जेवणाचं काय, सोबत कोण, राहणार कुठं, आणि शेवटी कुणीतरी मोठ्या माणसानं हळूच विचारायचं, "संस्कार टिकतील ना?" हे सगळे प्रश्न मलाही विचारले गेले होते, आणि मी तर लग्न होऊन नवऱ्याबरोबर निघाले होते! आता माझ्या मामेबहिणीच्या मुलीला जर्मनीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. मुलगी हुशार, पैशाची सोय झालेली. पण घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी दिग्व्रताचा विषय काढला. श्रावकानं दिशांची मर्यादा घालून घ्यावी, समुद्रापलीकडे एकट्या मुलीनं जाणं आपल्यात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मामेबहिणीनं मला फोन केला, "अक्का, तू तिथं राहतेस, तूच काय ते सांग."

तिला फोनवर जे सांगितलं ते इथं जरा विस्तारानं लिहिते. हा प्रश्न तिच्या एकटीच्या घरातला नाही.

मी गेली चार वर्षं आखेनमध्ये राहते. जर्मनीच्या पश्चिम टोकाचं हे गाव. बेल्जियम आणि नेदरलँड्सची हद्द इतकी जवळ की गावातली बस पकडून शेजारच्या देशात भाजी आणायला जाता येतं. आमच्या ह्यांचं काम फिरतीचं. आठवड्यातले तीन-चार दिवस हे दुसऱ्या शहरात असतात. म्हणजे कागदावर मी नवऱ्यासोबत आलेली बायको, आणि प्रत्यक्षात निम्मा आठवडा एकटी. माहेरी-सासरी हे कुणाच्या लक्षात येत नाही. 'सोबत आहे' एवढ्यावर सगळे निर्धास्त असतात.

तर आधी जेवणाचं. सगळ्यांना तीच काळजी असते आणि खरं सांगायचं तर ती सगळ्यात सोपी आहे. युरोपात पाकिटावर चौदा घटक ठळक अक्षरांत छापण्याचा कायदा आहे. ज्यांची कुणाला ॲलर्जी होऊ शकते असे ते घटक. त्यात अंडं येतं, त्यामुळे अंडं लगेच दिसतं. पण कांदा-लसूण त्या यादीत नाहीत, ते बारीक अक्षरांत शोधावे लागतात. 'व्हेगन' लिहिलं असेल तर जिलेटिनची भीती संपली, पण कांदा आणि बटाटा व्हेगनच असतात हे विसरायचं नाही. लाल रंगाच्या गोळ्या-चॉकलेटांवर ई १२० दिसलं तर तो किड्यांपासून काढलेला रंग. ई ९०४ म्हणजे लाख, तीही किड्यांचीच. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं. हे सगळं शिकायला मला एक महिना लागला. दुकानात चष्मा लावून उभं राहायची तयारी हवी, एवढंच. हॉटेलात मात्र वेगळी गंमत. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, म्हटल्यावर इथल्या एका वाढप्यानं अगदी मनापासून विचारलं होतं, "मग तुम्ही जगता कशावर?" बटाट्यावर जगणाऱ्या देशात त्याचं काय चुकलं!

सूर्यास्ताचं गणित तेवढं अवघड. कोल्हापुरात वर्षभर दिवस सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो. आज्जीला घड्याळ पाहावं लागत नसे, गोठ्यातल्या म्हशीवरनं कळायचं. इथं जूनमध्ये रात्री पावणेदहा वाजून गेले तरी उजेड असतो आणि डिसेंबरात साडेचारला अंधार. सकाळी उजाडायला साडेआठ होतात. म्हणजे हिवाळ्यात आठ तासांत सगळं जेवणखाण उरकायचं. त्यातही दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी थांबायचं असेल तर पावणेचारलाच ताट हातात हवं. नोकरी करणाऱ्या बाईनं ते कसं जमवायचं? माझ्या ओळखीची एक जैन मुलगी इथल्या विद्यापीठात शिकते. ती हिवाळ्यात साडेतीनला प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर डबा उघडते. तिचे जर्मन मित्र आता घड्याळ न बघता तिच्यावरून वेळ ओळखतात. तिला कुणीही रागावत नाही, कुणीही टोकत नाही, आणि तरी ती पाळते. आपल्याकडे पंधरा माणसांच्या घरात राहून पाळणारीपेक्षा हिचं पाळणं कमी कसं?

आता घरातले घोटाळे. पहिल्याच आठवड्यात आमटीला फोडणी दिली आणि छतावरची धुराची घंटा किंचाळायला लागली. इथं प्रत्येक घरात ती सक्तीची असते. हे नव्हते. मला काही ती बंद करता येईना. शेजारचं दार उघडलं, एक ऐंशी-बयाऐंशीच्या आजी केरसुणीचा दांडा घेऊन आल्या, टोकानं घंटेचं बटण दाबलं, स्वयंपाकघरात येऊन हिंगाचा वास घेतला, खिडकी उघडली आणि काहीही न बोलता गेल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वाटीभर आमटी नेऊन दिली. आमची ओळख अशी झाली. रविवारी सकाळी मिक्सर लावायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलं. रविवारी इथं सगळं गाव गप्प असतं, दुकानंसुद्धा बंद. शनिवारी संध्याकाळी तूरडाळ संपलेली लक्षात आली तर सोमवारपर्यंत मुगावर भागवायचं.

पण ज्या प्रसंगामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटतं तो किल्लीचा. इथल्या बऱ्याच घरांच्या दाराला बाहेरच्या बाजूनं फिरणारी मूठच नसते. दार लागलं की लागलं, किल्लीशिवाय उघडत नाही. नोव्हेंबरातला रविवार. संध्याकाळचे सहा वाजलेले, बाहेर मिट्ट अंधार. मी कचऱ्याची पिशवी घेऊन दोन पायऱ्या उतरले आणि स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून वारा आला. धाडकन दार. मी जिन्यात, पायात घरातल्या सपाता, अंगावर साधा पंजाबी ड्रेस. फोन आत, पैसे आत, किल्ली आत. गॅस बंद होता एवढं नशीब. आमचे हे साडेचारशे किलोमीटरवर.

आजींची घंटा वाजवली. त्यांनी आधी स्वतःची लोकरी शाल माझ्या अंगावर टाकली, मग चहा ठेवला, मग वही काढली. रविवारी रात्री किल्लीवाला बोलवायचा म्हणजे शेकडो युरो जाऊ शकतात, हे मला त्यांनी सांगितलं. "फोनवरच एकूण रक्कम विचारायची. दार नुसतं ओढलं गेलंय, कुलूप फिरवलेलं नाही, हे आधी सांगायचं. गावातलाच माणूस हवा, लांबच्या शहरातला नको." फोन त्यांचा, पण बोलायला त्यांनी मलाच लावलं. माझं जर्मन तेव्हा बालवाडीतलं. तिघांना फोन केला. पहिल्यानं रक्कम सांगायला नकार दिला, दुसरा सकाळी येतो म्हणाला, तिसऱ्यानं नीट आकडा सांगितला. तो आला, एक वाकडी तार आत घालून दोन मिनिटांत दार उघडलं, सांगितले तेवढेच पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी आमची एक किल्ली आजींच्या घरी आणि आजींची एक आमच्या घरी, अशी देवाणघेवाण झाली. ती आजही तशीच आहे.

ही गोष्ट भारतात फोनवर सांगितली तेव्हा सगळ्यांचं उत्तर एकच: "बघ, एकटी असलीस की असं होतं."

मैत्रिणींनो, मला ह्याच वाक्याचा राग येतो. हे घरी असते तर वारा आला नसता का? दार लागलं नसतं का? फार तर जिन्यात एकाऐवजी दोघं कुडकुडत उभे राहिलो असतो. आणि किल्लीवाल्याशी बोलले असते हे, आणि मला चार वर्षांनंतरही तो फोन कसा करायचा ते माहीत नसतं. अडचण एकटेपणातून आली नव्हती, पण तिच्यातून बाहेर पडायची रीत मी एकटी होते म्हणून मला कळली.

ह्यानंतर मी ठरवलं की अँटवर्पच्या देरासराला एकटीनं जाऊन यायचं. हे दर वेळी "पुढच्या महिन्यात जाऊ" म्हणायचे आणि तो महिना येत नव्हता. अँटवर्प हे बेल्जियममधलं हिऱ्यांचं शहर. पालनपूरकडची कितीतरी जैन कुटुंबं व्यापारानिमित्त तिथं गेली, स्थिरावली, आणि त्यांनी शहराच्या दक्षिणेला विल्रेक भागात पांढऱ्या संगमरवराचं देखणं मंदिर बांधलं. आखेनपासून रेल्वेनं अडीच-तीन तास. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "देवाला काय इथनं हात जोडलेले पोचत नाहीत व्हय?" पोचतात. पण त्यांनी स्वतः २००६ च्या महामस्तकाभिषेकाला श्रवणबेळगोळला बसमध्ये चाळीस बायकांबरोबर दोन रात्री बसून प्रवास केला होता, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. घोळक्यानं गेलं की यात्रा, एकटीनं गेलं की हौस, असा आपला हिशोब आहे.

निघायच्या आदल्या दिवशी आजींनी एक कागद आणून दिला. त्यावर चार गावांची नावं, प्रत्येकाची तीन-तीन रूपं. मला वाटलं म्हातारपणचा चाळा. स्टेशनवर गेल्यावर कळलं. माझी थेट ब्रुसेल्सला जाणारी गाडीच रद्द. मग छोट्या गाडीनं हद्द ओलांडून बेल्जियममधल्या पहिल्या मोठ्या गावापर्यंत, तिथून दुसरी गाडी ब्रुसेल्सला, तिथून तिसरी. त्या पहिल्या गावाचं जर्मन नाव ल्युटिश. फलकावर मात्र लिएज, कारण तिथले लोक फ्रेंच बोलतात. आणि डच बोलणाऱ्या भागात गेलं की तेच गाव लाउक होतं! अँटवर्पला फ्रेंच भागात आंव्हेर म्हणतात. ब्रुसेल्सचं एक स्टेशन एका भाषेत 'मिदी' आणि दुसऱ्या भाषेत 'झाउद', दोन्हीचा अर्थ दक्षिण. गाडीतली सूचनाही मुलखाप्रमाणे भाषा बदलते. माझ्या समोर एक तरुण भारतीय जोडपं बसलं होतं. 'आंव्हेर' ऐकून ते घाबरून उठले की आपण भलत्याच गाडीत बसलो. मी त्यांना आजींचा कागद दाखवला. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

लिएजचं स्टेशन पाहण्यासारखं आहे. कालात्रावा नावाच्या स्पॅनिश वास्तुविशारदानं पोलाद आणि काचेची प्रचंड पांढरी कमान उभारली आहे. भिंती मात्र नाहीत. नोव्हेंबरात तिथं चाळीस मिनिटं गाडीची वाट पाहणं म्हणजे काय ते माझ्या गुडघ्यांना विचारा. थंडीनं फोनची बॅटरीही भराभर उतरली. पर्समध्ये कागदावर लिहिलेला मंदिराचा पत्ता आणि बसचा क्रमांक होता म्हणून फोनचं भय वाटलं नाही. डब्यात दशम्या, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे. दशमीसारखं प्रवासाचं अन्न जगात दुसरं नाही हे मी आता तीन देशांत खाऊन सांगते.

अँटवर्पचं स्टेशन १९०५ सालचं, एखाद्या राजवाड्यासारखं. डोक्यावर उंच घुमट आणि खाली एकावर एक मजले करून रूळ. बाहेर पडलं की लगेच हिऱ्यांचा बाजार. तिथून बसनं विल्रेक. साध्या विटांच्या घरांच्या वस्तीत ते पांढरं शिखर दिसलं तेव्हा गळ्यात आवंढा आला. आठ महिन्यांनी देवदर्शन होत होतं.

आपण दिगंबर. आपल्या बस्तीतली मूर्ती अलंकाररहित, अर्धोन्मीलित नेत्रांची. इथं श्वेतांबर पद्धतीची, उघडे डोळे बसवलेली, आंगी केलेली. क्षणभर परकं वाटलं, मग णमोकार म्हणायला लागले आणि वाटणं बंद झालं. मंत्रात कुणाचंच नाव नाही हे किती सोयीचं आहे! गावाकडे ज्या पंथभेदावरून बोलाचाली होतात ते इथं येता येता अर्धे गळून पडतात. आसपास एकच देरासर असलं की माणूस निवडत बसत नाही.

बाहेर ओट्याशी एक वयस्कर गुजराती बाई बसल्या होत्या. "एकली आवी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पुढं हिंदीत बोललो. त्या लग्न होऊन इथं आल्या त्याला पन्नासेक वर्षं झाली. पहिली दहा वर्षं त्या घर आणि नातेवाइकांची दोन घरं ह्यापलीकडे एकट्या कुठं गेल्याच नाहीत. भाजी नवरा आणायचा, बँक नवरा बघायचा, डॉक्टरकडे नवरा न्यायचा. एके रात्री नवऱ्याच्याच छातीत दुखायला लागलं. त्यांना फोन कुणाला करायचा ते माहीत नव्हतं. ज्या दिराला फोन केला ते मुंबईला गेलेले. शेवटी अनवाणी रस्त्यावर जाऊन त्यांनी समोरच्या घराचं दार बडवलं. "वो बच गए," त्या म्हणाल्या. "लेकिन दूसरे महीने मैंने डच की क्लास लगाई." आता त्या नातसुनांना घरात पाऊल टाकल्या टाकल्या आधी बसचा पास काढायला लावतात.

तीन वाजता तिथंच बाजूला बसून डबा खाल्ला. त्या दिवशी सूर्यास्त पावणेपाचच्या आधीच होता. परतीच्या फलकांवर माझं स्वतःचं गाव 'आकेन' झालं होतं आणि थोड्या वेळानं 'एक्स-ला-शापेल'. कागदावर तेही होतं. रात्री साडेनऊला घरी.

आता त्या दिग्व्रताकडे येते. मी पंडित नाही, पण पाठशाळेत शिकले आहे. दिग्व्रत हे गुणव्रत. दाही दिशांना अमुक एका मर्यादेपलीकडे मी जाणार नाही, असा नियम श्रावकानं किंवा श्राविकेनं स्वतः, समजून-उमजून घ्यायचा. हेतू हा की त्या मर्यादेबाहेरच्या आरंभ-परिग्रहाचं पाप आपल्याला लागू नये, लोभाला बांध बसावा. माझा मुद्दा साधा आहे. व्रत घ्यायचं असतं. दुसऱ्याच्या मुलीला ते घालायचं नसतं. आणि तिनं घेतलंच तरी मर्यादा किती ते ती ठरवणार. आखेनपर्यंतची मर्यादा घेऊनही दिग्व्रत होतंच.

शिवाय हे व्रत फक्त बायकांच्या बाबतीतच कसं आठवतं? हिऱ्यांचे व्यापारी अँटवर्पला गेले, तेव्हा त्यांच्या लोभाच्या दिशा कुणी मोजल्या? आपल्या गावची किती मुलं अमेरिकेत आहेत, त्यांचे फोटो आपण मोठ्या अभिमानानं दाखवतो. १८९३ साली वीरचंद गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून गेले, तेव्हाही समुद्र ओलांडण्यावरून समाजातल्या काहींनी विरोध केला होता. आज आपण त्यांच्या नावानं कार्यक्रम करतो. पुरुषांचा तो वाद सव्वाशे वर्षांपूर्वी संपला, मुलींसाठी मात्र तोच जुना कागद अजून बाहेर निघतो.

बारा भावना आपण पाठ म्हणतो. त्यातली एकत्व भावना काय सांगते? जीव एकटा येतो, एकटा जातो, आपलं कर्म एकट्यानं भोगतो. हे लहानपणापासून मुलींकडून घोकून घ्यायचं आणि मिरज-पुणे रेल्वेत एकटं बसवायला मात्र भाऊ सोबत द्यायचा. माझ्या आज्जीची धाकटी बहीण लहानपणी विधवा झाली. तिच्या वडिलांनी लोकांची बोलणी खाऊन तिला सोलापूरच्या श्राविकाश्रमात शिकायला ठेवलं. पंडिता सुमतीबाई शहांचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यांच्या नजरेखाली ती शिकली आणि पुढं मास्तरीण झाली. त्या काळात सोलापूर हेच परदेश होतं. तेव्हाही कुणी ना कुणी म्हणालंच असेल, "सोबत कोण?"

दुसरी बाजूही आहे, ती लपवणार नाही. एकटीनं धर्म पाळणं जड जातं. खाण्यापिण्यात नाही, सोबतीत. गेल्या दशलक्षण पर्वात मी तीन उपवास केले. गावी असते तर पारण्याला घर भरलं असतं, सासूबाईंनी स्वतः मुगाचं पाणी भरवलं असतं, जाऊबाईंनी चेष्टा केली असती. इथं सकाळी साडेसातला मी एकटीनं कुकर लावला आणि एकटीनं पारणं केलं. हे व्हिडिओवर होते, पण व्हिडिओवरून कुणी घास भरवत नाही. क्षमावाणीला 'उत्तम क्षमा' म्हणायला समोर माणूस हवं. मी आजींना जाऊन म्हटलं, त्यांना वाटलं मी त्यांचं काहीतरी फोडलं. ही उणीव खरी आहे आणि परदेशी निघालेल्या मुलीला ती सांगूनच पाठवावं. पण तिचा इलाज मुलीला घरी बसवणं हा नाही. इचलकरंजीतून तिला दर रविवारी फोन करून स्वाध्यायात घेणं, हा असू शकतो. तेवढा वेळ आपल्यापैकी किती जणी काढतील?

मामेबहिणीला मी यादी दिली. मेतकूट आणि चटण्या तर जातीलच, त्यावर मी बोलणार नाही. पण त्याआधी: पासपोर्ट आणि कागद मुलीच्या स्वतःच्या हातात, काकांच्या मित्राकडे नाहीत. बँकेचं खातं तिच्या नावावर. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक, युरोपियन युनियनमधल्या सगळ्या देशांत चालतो. जर्मनीत रात्री-बेरात्री दवाखाना बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७. दोन्ही पाठ, फोनमध्ये नाही, डोक्यात. जादा किल्ली शेजाऱ्याकडे, आणि त्या शेजाऱ्याशी ओळख करायला पहिल्या आठवड्यात वाटीभर काहीतरी. पाण्याला गाळणं बांधायला पातळ सुती कापड इथनंच न्यावं. आणि निघायच्या आधी निदान दोनदा तिला एकटीनं लांबचा प्रवास करू द्या. सांगलीहून हैदराबाद, नाहीतर नागपूर. गाडी चुकू दे, स्टेशनवर चार तास बसू दे, तिकीट तपासनिसाशी तिचं तिला बोलू दे. आपल्या भाषेच्या मुलखात चुकायला मिळालं तर परक्या मुलखात पाय कमी लटपटतील.

वडीलधाऱ्यांशी मीही बोलले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुझं बरोबर असेल, पण काळजी वाटते." काळजी वाटणारच, ती मलाही वाटते. त्यांना मी एवढंच विचारलं, की काळजी आपल्याला वाटते तर नियम तिला का? त्यावर ते काही बोलले नाहीत. मुलीचं ऑक्टोबरचं तिकीट अजून काढायचं आहे.

सासूबाई येत्या मे महिन्यात पहिल्यांदाच इकडे येतायत. मुंबईहून विमानात एकट्या, कारण मामंजींना शेताची कामं आहेत. त्यांनाही अँटवर्पला जायचंय. मेमध्ये इथं सव्वानऊपर्यंत उजेड असतो म्हटल्यावर त्या खूश झाल्या, म्हणाल्या, "मग काय घाई, येताना गाडीतच जेवू की." आणि लगेच पुढचा प्रश्न, दशम्या दुधातल्या करायच्या की पाण्यातल्या.